पालथा बुद्ध

(ग्योंगजू शहराजवळचा नामसान डोंगर. जानेवारीतली दुपार. मल्सून पुढे चालते आहे, तिचा धाकटा भाऊ ग्युहो मागे.)

मल्सून : बूट कसले घालून आलायस? लग्नाला आलायस का कुणाच्या?

ग्युहो : सोलहून पहाटेची गाडी पकडली, ताई. बाबांना न्यायला आलो होतो मी, डोंगर चढायला नाही. थांब ना जरा! बचावपथकवाले सांगतायत की बाबा ओढ्याकडे गेलेत. पुलाजवळच्या बेकरीच्या कॅमेऱ्यात सात वाजता दिसलेत. कुत्री आणलीत त्यांनी तिकडे. आणि आपण दोघं इकडे झाडं मोजतोय.

मल्सून : बेकरीत काय करत होते, ते सांगितलं का त्यांनी?

ग्युहो : पाव घेतले म्हणे. खोका होता हातात.

मल्सून : गोड सारणाचे वीस पाव. ओढ्यात जाणारा माणूस वीस पाव घेऊन जातो का रे? चाळीस वर्षं त्यांनी लोकांना हा डोंगर दाखवला. दर रविवारी निघताना खोका घ्यायचे आणि वाटेतल्या प्रत्येक बुद्धापुढे एक एक ठेवायचे. तुला कसं माहीत असणार, तू शिकवणीला असायचास.

ग्युहो : आज रविवार नाहीये.

मल्सून : त्यांना रोजच रविवार असतो आता.

ग्युहो : अंगात काय आहे त्यांच्या?

मल्सून : स्वेटर. पायात घरातल्या सपाता. कोट खुंटीवरच आहे.

ग्युहो : म्हणजे सहा तास झाले. उणे सहा तापमान आहे, ताई.

मल्सून : मला आकडे नको सांगूस. चाल.

ग्युहो : ताई... ते बघ. त्या मूर्तीच्या मांडीवर.

मल्सून : कुठे? डोकं तुटलेल्या बुद्धाच्या?

ग्युहो : पाव आहे! बर्फ बसलाय वर. पार दगड झालाय, पण पावच आहे!

मल्सून : लाव, लाव पथकाला फोन. सांग, इकडे या म्हणावं. बाबाऽऽ! ओ बाबाऽऽ!

ग्युहो : हॅलो, मी प्यो ग्युहो. प्यो जोंगमान यांचा मुलगा. हो, नामसानवर. इथे पाव सापडलाय... नाही हो, चेष्टा करत नाहीये मी! वडील ठेवतात... अहो, ऐका तर... बरं. बरं.

मल्सून : काय म्हणाले?

ग्युहो : पाव कुणीही ठेवतं म्हणाले. ओढ्यावर एक सपात सापडलीय. ती आधी तपासणार.

मल्सून : कुठल्या रंगाची?

ग्युहो : नाही विचारलं.

मल्सून : साधा रंग विचारता येत नाही तुला? चल वर. लाल ओठांच्या करुणादेवीपाशी बघू. तिला कधी चुकवत नाहीत ते.

ग्युहो : हळू, ताई. धरायला काही नाहीये इथे.

मल्सून : हा बघ! इथेही आहे. ठेवलाय कसा नीट, पानावर. बाबाऽऽ!

ग्युहो : म्हणजे शुद्धीवर होते तेव्हा. वाट बरोबर पकडलीय त्यांनी. तू म्हणत होतीस ना, त्यांना घरातली मोरीसुद्धा सापडत नाही म्हणून?

मल्सून : मोरी नाही सापडत. बुद्ध सापडतात. मला काय विचारतोस, त्यांना विचार, भेटले की.

ग्युहो : पुढचा कुठे?

मल्सून : वर, कड्यावर कोरलेला मोठा. तिथे नसला, तर माथ्यावर. दम लागला असेल तर बस तू इथे.

ग्युहो : नाही बसणार.

मल्सून : नाहीये. या मोठ्या बुद्धापुढे काहीच नाही. मागे बघ, कोपऱ्यात बघ. खाली पडला असेल.

ग्युहो : बघितलं. दोनदा बघितलं. कावळ्याने नेला असेल.

मल्सून : त्या खालच्या दोन्ही ठिकाणी कावळे नव्हते का? बाबाऽऽ! ... बाबाऽऽ! ... या वाऱ्याच्या आईला! माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

ग्युहो : ताई, खाली जाऊ. खरंच. चार वाजत आले. अंधार पडला तर आपलीच शोधाशोध करावी लागेल त्यांना. जास्त माणसं घेऊन येऊ.

मल्सून : जा तू. उद्या ऑफिस असेल.

ग्युहो : असं बोलू नकोस.

मल्सून : कसं बोलू? माझं नावच ठेवलं मल्सून, म्हणजे ‘शेवटची मुलगी’. बास झाल्या मुली, आता मुलगा होऊ दे, म्हणून. आणि झाला, हा बघ! सहा वर्षांत किती वेळा आलास? चंद्राच्या नव्या वर्षाला आणि कापणीच्या सणाला. फळांची पेटी ठेवायची, बाबांचा हात धरून फोटो काढायचा, की निघाला!

ग्युहो : म्हणूनच वृद्धांच्या संस्थेत जागा बघितली ना मी? तूच फोन केलास मला रडत. आता नाही होत म्हणालीस. देगूतल्या त्या संस्थेची गाडी आज दहाला येणार होती, हे तुला ठाऊक होतं. बाबांना सांगितलं होतंस का तू?

मल्सून : काय सांगणार होते? ज्यांना माझं नाव आठवत नाही, त्यांना सांगू, तुम्हाला नेणारेत म्हणून?

ग्युहो : मग काल काय बोलले ते? आठव ना. काहीतरी बोलले असतील.

मल्सून : नेहमीचंच. ‘त्याला उचललं का?’ रात्रभर तेच. ‘त्याला उचललं का, त्याला उचललं का.’

ग्युहो : कुणाला?

मल्सून : त्या... अगं बाई!

ग्युहो : काय?

मल्सून : पालथ्या बुद्धाला! पलीकडच्या घळीत. तू सोलला गेल्यावर सापडला तो. केव्हाचा तोंडावर पडलाय, प्रचंड मोठी शिळा. नाक खालच्या खडकापासून चार बोटांवर येऊन थांबलंय, खरचटलंसुद्धा नाही. तो सापडला त्या आठवड्यात बाबा रोज जाऊन बसायचे तिथे. म्हणायचे, याला श्वास कसा येत असेल?

ग्युहो : किती लांब आहे?

मल्सून : डोंगराच्या या कण्यावरून पलीकडे आणि मग खाली. पळ, ग्युहो. माझ्यासाठी थांबू नकोस. मोठं छप्पर दिसेल, त्याच्याखाली. पळ!

ग्युहो : ताईऽऽ! इकडे! कुंपणाच्या आत! आहेत, बाबा आहेत!

मल्सून : जिवंत आहेत ना? ग्युहो! जिवंत आहेत ना रे?

ग्युहो : पालथे पडलेत शिळेच्या कडेला. डोळे उघडे आहेत. बाबा! बाबा, मी ग्युहो!

जोंगमान : हळू बोला. ...गट आला का? उशीर केलात.

मल्सून : बाबा! हात बघ, हात बघ त्यांचे. लाकूड झालंय. तुझा कोट काढ. मफलर दे. एक सपात कुठाय?

जोंगमान : बाई, असं उभ्यानं नाही दिसत. आडवं व्हावं लागतं. गाल जमिनीला लावा. मग चेहरा दिसतो. ...मी मगाशी झालो. आता उठता येईना.

ग्युहो : हॅलो! सापडले! पालथ्या बुद्धापाशी. शुद्धीत आहेत, पण थरथरतसुद्धा नाहीयेत. हेलिकॉप्टर... का? बर्फ एवढा कुठे... बरं, किती वेळ? चाळीस मिनिटं? तेवढी नाहीयेत आमच्याकडे! ...हो. हो, आणतो. वाटेतच भेटा.

मल्सून : काय?

ग्युहो : ढग उतरलेत, हेलिकॉप्टर येणार नाही. माणसं पायथ्यावरून चढतायत. आपण उतरायला लागू, मध्ये गाठ पडेल. पाठीवर दे त्यांना. दे. धर मागून.

मल्सून : पेलेल का तुला? बूट सटकतील.

ग्युहो : काढले बूट. चल.

मल्सून : मोज्यांवर? वेडा झालायस?

ग्युहो : त्यांना झोपू देऊ नका म्हणाले. बोलत राहा. काहीही विचार.

मल्सून : बाबा. बाबा, इकडे बघा. या डोंगरावर बुद्ध किती?

जोंगमान : शंभरावर.

मल्सून : आणि सगळ्यात देखणा कुठला? ...बाबा? सगळ्यात देखणा कुठला? डोळे मिटू नका!

जोंगमान : ...ओरडू नका, बाई. मुलगी झोपलीय.

मल्सून : कुणाची मुलगी?

जोंगमान : माझी. घरी झोपलीय. तिला उठवलं नाही मी. कडी हळूच काढली. रात्र रात्र जागते हो बिचारी. कुणीतरी म्हातारं आहे तिच्याकडे, आजारी.

ग्युहो : ऐकलंस, ताई? तुला कळणार कसं? तू झोपली होतीस. तुझा काही दोष नाही यात.

मल्सून : जागी होते.

ग्युहो : काय?

मल्सून : जागी होते मी. कडी ऐकली. सपाता फरफटत गेल्या, ते ऐकलं. साडेसहा वाजले होते. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. म्हटलं, जाऊ देत. परत नाही आले तरी चालेल, असं म्हटलं मी, ग्युहो. मनात नाही, तोंडानं. हळू, पण तोंडानं. आणि झोपले. आठपर्यंत इतकी गाढ झोपले की काय सांगू. सहा वर्षांत अशी झोप लागली नव्हती मला.

ग्युहो : इथे निसरडं आहे. पाय बघून टाक.

मल्सून : बोल ना काहीतरी. शिव्या दे.

ग्युहो : त्यांची मान सावर. डावीकडे कलतेय.

मल्सून : ग्युहो...

ग्युहो : तुझा फोन आला ना गाडीत, बाबा नाहीत म्हणून? तो ठेवला आणि मी पहिला फोन कुणाला केला माहितीये? संस्थेला. म्हटलं, जागा दोन दिवस राखून ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. नंतर पोलिसांना केला. ...आता ते पाठीवर आहेत, तर वजनच लागत नाहीये. एवढे हलके कधी झाले गं हे?

मल्सून : जेवत नाहीत. भरवलं तर दोन घास.

ग्युहो : त्यांचा श्वास लागतोय का माझ्या मानेला? मला कळत नाहीये. ताई, मला कळत नाहीये!

मल्सून : थांब. ...बाबा! बाबा! ओ वाटाडे! प्योसाहेब! गट मागे राहिलाय, प्योसाहेब! वाट कुठली?

जोंगमान : ...उजवीकडची. डावीकडे घसरण आहे. किती वेळा सांगायचं.

मल्सून : उजवीकडची! घे उजवीकडून. आहेत, आहेत अजून. आणि पुढे, प्योसाहेब?

जोंगमान : पुढे देवदार... नाही, पाइन. वाकडं पाइन. मग पाणी.

ग्युहो : शिट्टी! ताई, शिट्टी ऐकलीस? खाली दिवे दिसतायत. अहोऽऽ! इकडे! इकडे वरऽऽ!

मल्सून : वाकू नकोस, मी धरलंय त्यांना. आले बघा, बाबा, माणसं आली. ब्लँकेटं आहेत त्यांच्याकडे, गरम पाणी आहे. आता नेतील तुम्हाला खाली. मी येते बरोबर. मी कुठे जात नाही.

जोंगमान : दिवेवाले का? बरं झालं. ...अहो, ऐका. आधी या दोघांना घ्या. मला वाट माहीत आहे. हे नवखे आहेत, साहेबांच्या पायात बूटसुद्धा नाहीत. आणि या बाईंना जरा धरून न्या हं, मगापासून रडतायत.