चार घरांची एक तार

हॅलो? … हो, मीच. ओझेलाच बोलतेय, दुसरं कोण असणार या घरात? … व्हर्डेल, जरा मोठ्याने बोल, पोरी. शिकागो काही पलीकडच्या शेतात नाही.

… हो, हो. जेवले. मक्याचा पाव आणि कोलार्डची भाजी. … अगं जेवले म्हणते ना!

… ऐक ना… अगं ऐक आधी. गाडीबिडी काही पाठवू नकोस. मी येत नाही. … व्हर्डेल! आईला दटावतेस होय? तिकडे तू मोठी बाई झाली असशील. इथे मी अजून तुझी आईच आहे.

… कोणी सांगितलं तुला? … हो, झाडल्या गोळ्या. बुधवारी. भरदुपारी, लपूनछपून नाही काही. स्वयंपाकघराची खिडकी गेली, आरसा गेला, आणि ड्यूक गेला. … कुत्रा गं, आपला ड्यूक. पायरीवर झोपला होता. पोटात लागली. लवकर जीव जाईना त्याचा, मग मीच… जाऊ दे. पीचच्या झाडाखाली पुरलाय.

… नाही, नाही. मतदार यादीत नाव घालायला कचेरीत गेले, तो गोऱ्यांचा राग आहेच. पण बुधवारी ते त्यासाठी नव्हते आले. तुझ्या बापाची पत्रं शोधायला आले होते. गाद्या फाडल्या, पिठाचा डबा उपडा केला, जमिनीच्या फळ्या उचकटल्या. मला केसांना धरून कोपऱ्यात बसवलं आणि बुटाच्या टाचेखाली हात धरला. ‘होझियाची पत्रं कुठे आहेत, म्हातारे?’ … उजवा. तीन बोटं मोडली असतील. मिटत नाहीत. … अगं वाचायला बोटं लागत नाहीत, डोळे लागतात. लिहिता येत नाही, एवढंच.

… त्यांना कसं कळलं? तू सांगितलंस. … तूच, पोरी. मागच्या रविवारी, याच फोनवर. ‘आई, पपांची पत्रं नीट ठेव, वॉशिंग्टनच्या वकिलांना पुढच्या सोमवारी दाखवायचीत.’ आठवतं? … रडू नकोस. तिकडे राहून विसरलीस तू. तुमच्या शिकागोत एका घराला एक तार. इथे चार घरांना मिळून एक. दोन लांब आणि एक आखूड घंटा वाजली की ती माझी, बाकीच्यांनी उचलायची नसते. पण उचलतात. आणि कोणी उचलला की तुझा आवाज बारीक होतो. आणखी एकाने उचलला की आणखी बारीक. आज तू अगदी विहिरीच्या तळाशी बसून बोलतेयस.

… आहे तर! आत्ताही आहे कोणीतरी. टिकटिक ऐकू येते का तुला? … ते मिस एड्नाचं घड्याळ. एड्ना टार्व्हर, वळणावरच्या पांढऱ्या घरातली. लग्न झालं तरी इथे गोरी बाई मिसच. फोन आणि घड्याळ एकाच भिंतीवर आहेत तिच्या. … घाबरायचं काय त्यात? दुपार बरी जातेय ना, मिस एड्ना? बसा, बसा. तुमच्या डेल्बर्टच्या बुटाची टाच झिजलीय हो. फार जवळून पाहिली मी.

… गप्प का बसू? बरं, ते राहू दे. कागद घे. पेन्सिल घे. … टपालाने? आधी एक पाकीट टाकलं होतं ना पोस्टात, मिळालं तुला? … मग! ते मिळायचं असतं तर मी कशाला घशाला कोरड पाडून घेते. मी वाचते, तू लिही. लगेच.

… सापडली कशी नाहीत? अगं, कोंबड्यांच्या खुराड्यात होती. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली हात घालायची छाती लागते. बंदूक घेऊन आलेल्यांपैकी एकाचीही झाली नाही. वास मारतोय कागदांना, पण अक्षर शाबूत आहे.

… ऐक, मिस एड्ना खुर्चीत आहे तोवर मला वेळ आहे. तिचा श्वास ऐकू येतोय मला, नाकातून वाजतो. ती उठली की समोर कापसाच्या जिनवर जाऊन पोराला सांगणार. म्हणून मध्ये बोलू नकोस. घेतलीस पेन्सिल?

लिही. ‘माननीय राज्यपाल साहेब’… हे तुझ्या बापाने दोनदा लिहिलं. एक धाडलं, एक ठेवलं. ‘आम्ही लॅटिमरच्या जिनवर कापूस घालणारे लोक’… थांब, मला पळत पळत वाचता नाही येत, म्हातारपणी शिकलेय मी. ‘लोक. आम्ही एवढंच मागितलं की वजनकाटा आम्हाला दिसेल असा ठेवा.’ लिहिलंस? … ‘ठेवा.’ हो.

‘त्यावर शनिवारी दुपारी शेरीफ डाल्टन ग्रीर, जिनचे मालक कॉब लॅटिमर आणि रॉइस टार्व्हर’… टार्व्हर, हो. मिस एड्नाचा नवरा. … वारला तो, माहीत आहे मला. तू लिही. ‘या तिघांनी एझ्रा बॉयकिन याला काट्याच्या आकड्याला टांगलं. आकडा काखेतून आरपार गेला. त्यांनी त्याचं वजन केलं. मग त्याला गोळ्या घातल्या आणि परत वजन केलं, शिसं किती भरलं ते बघायला. हसत होते.’

… व्हर्डेल? लिहितेयस ना? … मलाही झालं होतं तसं, पहिल्यांदा वाचलं तेव्हा. कागद खाली ठेवला होता मी. पण लिही.

‘त्याचा भाऊ सोडवायला धावला. त्याला रॉइस टार्व्हरने पाठीत गोळी घातली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि विचाराल तिथे येऊन सांगेन.’ खाली सही. होझिया प्रुइट.

… नाही, उत्तर नाही आलं. म्हणजे आलं, पण आम्हाला नाही. राजधानीने ते पत्र परत पाठवलं. कोणाला सांग? … शेरीफ ग्रीरला! वर चिठ्ठी लावून, की चौकशी करून कळवावे. केली त्याने चौकशी. जेवणाच्या ताटावरून उठवून नेलं तुझ्या बापाला. तू मांडीवर होतीस त्याच्या. तुझ्या तोंडात घास होता.

… थांब. बोलू नकोस जरा.

… घड्याळ चालू आहे. श्वास नाही. … उठली ती. रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून गेली.

… पळू कुठे? कापूस आत्ता कुठे गुडघ्याला लागतोय, त्यात ससा लपायचा नाही. आणि मी पळाले तर हे दुसरं कोण वाचणार? … नावं मिळाली म्हणजे झालं? तुझ्या वकिलांना मिळाली. तुला अजून मिळालेलं नाही तुझं. हे तुरुंगातलं पत्र आहे, आपल्या घरचं. लिही म्हणते ना!

‘ओझेला, हे डाव्या हाताने लिहितोय म्हणून अक्षर असं. उजव्या हाताची बोटं त्यांनी कोठडीच्या दारात घालून दार लावलं. म्हणाले, राज्यपालाला लिहिणारी हीच ना?’ … हो गं. त्याचाही उजवाच. … मला तरी कुठे माहीत होतं? तेव्हा चर्चच्या रेव्हरंडांनी वाचून दाखवलं ते एवढंच, की होझिया बरा आहे, खेचर विकू नकोस म्हणतो. भला माणूस. माझ्या तोंडाकडे बघून वाचत होता. पुढे ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत आम्ही चार म्हाताऱ्या अक्षरं गिरवायला लागलो, तेव्हा पहिलं हेच काढलं मी खुराड्यातून.

‘दात गेलेत. मक्याची कांजी जाते घशाखाली. खेचर विकू नकोस. माझा कोट विक.’ … कोट, कोट. … ‘पुलावरून नेणार आहेत म्हणून ऐकलं. मी ओरडणार नाही, तू ऐकायला येऊ नकोस.’

… आला. ट्रक आला. … नाही, फोन ठेवायचा नाही! धर तसाच. मी रिसीव्हर टेबलावर ठेवते जरा.

…

हं. आहेस? … माझी होती ती. दुनळी बंदूक. तुझ्या बापाचीच. पुढच्या टायरला बसली. … दोघं आहेत. डेल्बर्ट ट्रकच्या आड बसलाय, दुसरा पडवीच्या बाजूने टेलिफोनच्या खांबाकडे सरपटतोय. त्याच्या पायावर मारली असती, पण या हाताने चाप नीट ओढता येत नाही. … काच गेली दुसरी. मी जमिनीवर बसलेय, तार पुरते इथवर. … नाही, कपाळाला तुकडा लागलाय. डोळ्यात रक्त उतरतंय, पुसतेय मी. त्याने काही होत नाही.

… श्श. ऐक. धाप ऐकू येते? … आलात परत, मिस एड्ना? जिनपर्यंत धावत गेलात वाटतं. या वयात.

तू थांब, व्हर्डेल. मला हिच्याशी बोलायचंय.

मिस एड्ना, माझ्या होझियाला पुलावर नेलं त्याच्या पुढच्या सोमवारी तुमचं धुण्याचं गाठोडं आलं होतं. आठवतं? त्यात रॉइससाहेबांचा पांढरा शर्ट होता. बाह्या कोपरापर्यंत तपकिरी. तुम्ही डागांवर मीठ चोळून पाठवला होतात, मला कमी घासावं लागावं म्हणून. मी घासला. निळीतून काढला, इस्त्री केली. गुरुवारी होझिया पुलाखाली गाळात सापडला. त्याचं रक्त मी आधी धुतलं, मिस एड्ना, तोंड नंतर पाहिलं. … तोंड तरी कुठे, ओळखला तो मी पायांवरून.

तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. मीही नाही बोलले. तुमच्याच घरचं धुणं धूत राहिले, पोरीला वाढवायचं होतं.

आता तुमचा डेल्बर्ट माझ्या पायरीवर आलाय. बापासारखाच चालतो. माझ्या मांडीवर बंदूक आहे, एक नळी अजून भरलेली आहे. तो आत आला की आमच्यापैकी एक मरणार, कदाचित दोघंही. तुमचं ऐकेल तो. मी रिसीव्हर पुढे धरते. नुसती त्याच्या नावाने हाक मारा. घरी ये म्हणा.

… डेल्बर्ट! तिथेच थांब! तुझी आई आहे फोनवर. … थट्टा नाही, बाबा. हे घे, कान लाव. तीन पावलं ये आणि कान लाव. … मिस एड्ना, बोला. ऐकतोय तो.

… बोला हो.

… मिस एड्ना?

… ठेवला. ठेवला तिने.

… हं? … हो, व्हर्डेल. अगं बाई! किती स्वच्छ येतोय तुझा आवाज आता. जणू स्वयंपाकघरातून बोलतेयस. … नाही, नको रडू, सगळं ऐकू येतंय, हुंदकासुद्धा. कितीतरी वर्षांत असा ऐकला नव्हता.

… उभा आहे. दारात. चेहरा पडलाय त्याचा, बंदूक धरलीय पण. माझीही धरलेली आहे. … ऐक, एक ओळ राहिलीय. लिही. ‘पोरीला शाळेत घाल. आणि तूही शीक गं, म्हणजे पुढचं पत्र तुझं तू वाचशील.’ … ‘वाचशील.’ खाली नाव. बस, एवढंच.

… लिहिलंस? सगळं? … आता तू वाच. पहिल्यापासून. मी नुसती ऐकते. … मोठ्याने वाच, मी रिसीव्हर वर धरलाय. तारेवर आपल्याशिवाय कोणी नाही आता, खणखणीत ऐकू येईल त्याला. … ऐक, डेल्बर्ट. शिकागोहून वाचतेय माझी लेक. … हं… ‘माननीय राज्यपाल साहेब’… हं… ‘वजनकाटा’… हो, हो… ‘शनिवारी दुपारी’… आता येईल बघ तुझ्या बापाचं नाव, आता…

हॅलो? … व्हर्डेल? … हॅलो? … हॅलो?

… तोडली वाटतं तुझ्या माणसाने तार.

उशीर केलात रे. लिहून झालं होतं.

… हे घे कागद. जाळायचे तर जाळ. कोंबड्यांचा वास येईल तेवढा.