चिप नसलेली किल्ली

किल्लीवाल्याकडे माझ्या पुढे एक बाई गाडीची तुटकी किल्ली घेऊन उभी होती.

"चिपसकट नवी करून देतो, ताई."

"चिप नको."

"अहो, मग नुसतं दार उघडेल. गाडी सुरू होणार नाही."

"तेवढंच हवंय. आईबाबा रोज भांडायला गाडीत जाऊन बसतात. घरात नातवंडं ऐकतात ना."

"मग किल्ली कशी तुटली?"

"काल बाबा म्हणाले, चल, तुला माहेरीच सोडतो. गाडी सुरू करायला गेले, तर आईनं हात घालून किल्लीच पिरगळली."

"जाऊ द्यायचं की माहेरी! चार दिवसांत राग निवळला असता."

"ते घर विकून वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक बाबांनीच आणलं होतं."