बाटलीत काहीच नव्हतं

दातांच्या दवाखान्यात मी नंबर लावून बसले होते. गाल सुजलेला, त्यामुळे तोंड बंद आणि कान उघडे. शेजारी दोघी नणंद-भावजया. नणंद प्रयोगशाळेत कामाला.

"वहिनी, काल माझी नोकरी गेलीच होती म्हणा!"

"अगं, झालं काय?"

"उंदराच्या कातडीचा तुकडा साखरेच्या पाण्यात ठेवला होता. सकाळी बघते तर बाटलीत नुसतं पाणी!"

"विरघळला?"

"मलाही तेच वाटलं. सरांची सगळी भिस्त त्याच तुकड्यावर. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं."

"आणि ते पाणी? ओतून नाही ना दिलंस?"

"ओततच होते! बाटली तिरकी केली, तर आत काहीतरी हललं. चिमटा घातला, तर तुकडा हजर! काचेसारखा. पलीकडची माझी बोटं दिसत होती."

"नुसत्या साखरेने?"

"कातडीतले तंतू आणि त्यांच्यामधलं पाणी, दोन्हींतून उजेड सारखा जात नाही. जागोजागी वळतो, उधळतो, म्हणून कातडी पांढरी दिसते. पाण्यात भरपूर साखर विरघळली की तो फरक मिटत जातो. मग उजेड आरपार."

"हे तुला ठाऊक होतं?"

"त्यासाठीच तर ठेवला होता! पण आधीचे सगळे धूसरच राहिले. हा साफ नाहीसा होईल असं कुणाला वाटलं होतं?"

"सर काय म्हणाले?"

"बाटली खिडकीपाशी धरली आणि म्हणाले, 'वा! काहीच दिसत नाही. हात चांगला आहे तुमचा.'"

"मग तू?"

"डोळे अजून लालच होते. म्हटलं, हो सर, मलाही अजिबात दिसला नाही."