भात्याचं गणित

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका, आजचे सत्कारमूर्ती विज्ञानाचे सर, सहकारी शिक्षक, पालक आणि मागे खुर्च्या वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सत्कारमूर्तींच्या बायकोनेच निरोपाचं भाषण करायचं, ही कल्पना कुणाची कोण जाणे! पण मी इथे बीजगणिताची बाई म्हणून उभी आहे. सरांनी प्रयोग करायचा आणि मी त्याचं समीकरण फळ्यावर मांडायचं, असा आमचा जोडतास या शाळेत वर्षानुवर्षं चालला. गरम पाणी निवताना, स्प्रिंग ताणताना मुलांनी क्ष शोधला. 'हे शिकून उपयोग काय?' असं आमच्या वर्गात कुणी विचारलं नाही. असो, स्तुती पुरे. जास्त केली तर घरी डोक्यावर बसतील.

शेवटच्या जोडतासाला मात्र सर रिकाम्या हातांनी आले. म्हणाले, "मुलांनो, एका लोहाराचा भाता आहे. जुना झालाय. दर महिन्याला किती हवा फेकतो ते सांगतो. बाई, लिहा." मी लिहू लागले आणि तिसऱ्या आकड्याला माझा हात थांबला. सरांच्या फुप्फुसांचं दुखणं आज सगळ्यांना ठाऊक आहे, नाकातली नळी दिसतेच आहे. तेव्हा ते फक्त आमच्या घरात ठाऊक होतं. सकाळी चहाआधी हे एका यंत्रात फुंकर मारतात आणि काटा मी वाचते. फळ्यावरचे आकडे तेच होते. भर वर्गात काय बोलणार? पुढचेही लिहिले.

"हवा एवढी कमी झाली की भाता बंद. कधी होईल?" सरांनी विचारलं. मुलांनी आलेख काढला, समीकरण मांडलं. आमची घाईबाई, जिचा हात कायम सगळ्यांच्या आधी वर, ओरडली, "सर, वार्षिक परीक्षेच्या आधीच!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही वाजवल्या.

त्या दिवशी घरी मी किती भडकले, ते अध्यक्षांसमोर सांगण्यासारखं नाही. "जगात दुसरे आकडे मिळाले नाहीत तुम्हाला?" तर हे शांतपणे म्हणतात, "डॉक्टर नीट सांगत नव्हते. घरी हे गणित तू मांडू दिलं नसतंस. मग विचारायचं कुणाला?" आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढे सरांचं शाळेत येणं थांबलं. मुलं घरी भेटायला आली. घाईबाईने टेबलावरचं यंत्र पाहिलं, त्याचा काटा पाहिला आणि काय ते समजली. तेव्हापासून ती बीजगणिताच्या तासाला बसत नाही. तिची आई सांगत होती, "वही उघडली की रडते. म्हणते, सरांचं मरण मी काढलं."

बाळ, तू खांबाआड बसली आहेस, पण मला दिसतेस. तुझं गणित मी घरी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडावी म्हणून तपासलं, खरं सांगते. नाही सापडली. ताणलेल्या स्प्रिंगच्या आलेखाची रेषा शेवटी वाकते, तशी हीसुद्धा वाकेल, या आशेवर मी रोज काटा वाचते. अजून वाकलेली नाही. पण तू उत्तर काढलं नसतंस, तर मी सहामाहीचे पेपर तपासत बसले असते आणि हे शेजारच्या खोलीत एकटे खोकत राहिले असते. तुझ्यामुळे मी रजा मागितली. उद्यापासून माझ्या तासाला नवे सर येतील. त्यांच्यासमोर हात वर कर, पहिल्यासारखा.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, चहाला आम्ही थांबत नाही. आम्हाला घरी जायचं आहे.