लोधिवलीच्या खाचरातली गाडी

चौकच्या गॅरेजात नम्रता स्कूटरचं पंक्चर निघायची वाट बघत बसली होती. शेजारीच दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार उभी होती. मालोजी मिस्त्री तिच्याखाली आडवे झाले होते. स्टेअरिंगवर साठीच्या सुचेताबाई होत्या आणि त्यांचे यजमान मधूकाका बाहेर येरझाऱ्या घालत होते.

"ताई, इंजिन बंदच ठेवा. स्टेअरिंग जरा डावी-उजवीकडं हलवा."

"मिस्त्री, मी हलवतो. हिला स्टेअरिंगचा अंदाज नाही."

"हलवू द्या हो त्यान्ला. हां ताई, आजून. थांबा! सापडलं."

"काय सापडलं?"

"टायरॉडचा जॉइंट पार झिजलाय, सायेब. स्टेअरिंग चार बोटं फिरतं, तवा कुटं चाक हलतं."

"कालपरवाच झालं असेल."

"छ्या! वरीस तरी झालं असंल."

"वर्ष? मिस्त्री, गेल्या मेमध्ये लोधिवलीला मी गाडी भाताच्या खाचरात घातली, तेव्हाही हे असंच होतं?"

"असणारच ताई. नशीब, नुसती खाचरात गेली."

"मधू, ऐकलंस?"

"ऐकलं गं."

"आणि वर्षभर माझ्यापासून किल्ली लपवत होतास!"

नम्रताच्या स्कूटरचं पंक्चर कधीच निघालं होतं, तरी ती जागची हलली नाही.

तासाभरात नवा जॉइंट बसला.

"खोपोलीला जाऊन चाकांचं अलाइनमेंट तेवढं करून घ्या," मालोजी म्हणाले.

मधूकाका सवयीने स्टेअरिंगच्या बाजूला आले. सुचेताबाईंनी आतून काच खाली केली.

"तिकडून बस, मधू. आणि पट्टा लाव."