सात पॉइंट दोनचे अकरा गेज

— नाही, नाही, बसा की. दिव्याला राहतो म्हणालात ना? मग पेल्यात पाणी कसं उरवलंत? दिव्याचा माणूस थेंब ठेवत नाही हो, आमचे मेहुणे तिथंच असतात, एका हंड्यासाठी अर्धा दिवस नळापाशी काढतात — बरं, नसेल तहान. मी आपलं विचारलं. आणि सीतारामची चिठ्ठी आणलीत, ती पाहिली मी. पण युनियनच्या नोटिस बोर्डावर सीतारामचं अक्षर मी आठ वर्षं वाचलंय, ते इतकं सरळ नाही. मुलीकडून लिहून घेतली? असेल, असेल. कंपनीही हल्ली अशा चिठ्ठ्या देऊन माणसं पाठवते म्हणून म्हटलं. — अगं, एकच कप टाक! मला नको.

तर हेमाची केस. लेबर कोर्टात तीन वर्षं चाललीय, मला ठाऊक आहे. पण माझ्याकडं काय आहे? मी काय वकील आहे? मी साधा फिटर होतो कोलशेतच्या कारखान्यात, मॅट्रिक. कंपनीनं कॉम्प्युटर आणला तेव्हा सगळे लांब उभे राहिले, मी पुस्तक घरी आणलं. याच टेबलावर, डिक्शनरी घेऊन, रोज दोन पानं. कुणी शिकवलं नाही. आणि पुढं त्याच कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून खुर्ची मिळाली — इंजिनियर पोरं मला 'पाना-पकड' म्हणायची माहितीय? तोंडावर नाही, मागं. तोंडावर 'परशुरामभाऊ'.

हेमा टेस्टिंगला. कोलशेत गावातलीच, खाडीकाठची, बोलायला फटकळ पण कामाला चोख. प्रेशर गेज तपासायचा, आकडा टाइप करायचा, मशीन सांगणार पास की फेल. मग त्याच आकड्यांची फ्लॉपी डोंबिवलीच्या युनिटला जायची, तिथं नव्या मशीनवर पुन्हा तपासणी. प्रोग्रॅम एकच, मशीनं दोन जातीची — आता इथं माझं काम आलं. दशांशाचा आकडा प्रत्येक मशीन आपापल्या रीतीनं ठेवतं बघा. आपण एक तृतीयांश लिहायला गेलो की तीन-तीन-तीन करत कुठंतरी थांबतो, तसं मशीनला सात पॉइंट दोनसुद्धा पुरतं लिहिता येत नाही, शेपूट तुटतं. कुणाचं इथं, कुणाचं तिथं. म्हणून मी लायब्ररी लिहिली, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड — आकडा तोडायचा कसा, जोडायचा कसा, दोन आकडे सारखे कधी म्हणायचे — कुठल्याही मशीनवर न्या, उत्तर तेच. चौदा महिने लागले! — हे लिहून घेताय? लिहा. चौदा.

युक्ती काय होती? मशीनच्या पोटात डोकवायचंच नाही. त्यालाच विचारायचं — बाबा रे, एकामध्ये किती बारीक तुकडा मिळवला तर तुला फरक कळतो? अर्धा? पाव? पावाचा अर्धा? जिथं कळेनासं होतं तिथं थांबायचं, आणि तेवढी सूट धरायची. तेवढ्या फरकाचे आकडे सारखेच मानायचे. साधं आहे ना? कोलशेतच्या मशीननं खरं सांगितलं. डोंबिवलीच्या मशीनमध्ये गणिताची वेगळी चिप होती, ती — काय सांगू — आत हिशोब करताना लांबलचक आकडा धरते आणि मेमरीत ठेवताना आखूड करून ठेवते. विचारलं की ऐटीत सांगणार, मला इतकं इतकं बारीक दिसतं. सूट आली नको तितकी कमी. मग पास-फेलच्या ऐन सीमेवरचे गेज, सात पॉइंट दोनचे, कोलशेतला पास आणि डोंबिवलीला फेल. अकरा होते. अकराच.

साहेबांनी काय अर्थ काढला? प्रोग्रॅम तोच, निकाल वेगळा — म्हणजे पोरीनं आधी खोटे आकडे टाकून पास करून घेतले आणि फ्लॉपीवर खरे भरून पाठवले. चौकशी लागली. एकवीस मार्च, नव्वद साल. मला बोलावलं. विचारलं, परशुराम, मशीन असं करू शकतं का? मी म्हणालो, लायब्ररी दोन्हीकडं एकच आहे. एवढंच म्हणालो! एकच होती की! यात खोटं काय? — असं बघू नका माझ्याकडं. तुम्हाला सीतारामनं पढवून पाठवलंय.

अहो, दोष मला सापडला जूनमध्ये. जून! पोरीला कामावरून काढलेलं, ती केव्हाच घरी बसली होती. दोन ओळींचं काम — तो तुकडा आधी मेमरीत लिहायला लावायचा, परत वाचायचा, मग विचारायचं. केलं मी. गेज जुळायला लागले. आणि साहेब काय म्हणतात? बघा, ती गेली आणि घोटाळा थांबला! भर मीटिंगमध्ये. लोकांनी माना हलवल्या. मी — मी काय बोलणार? तेव्हा बोललो असतो तर पुन्हा पाना-पकड. पुन्हा खाली शॉपमध्ये, फिटर.

जून कशावरून? कशावरून म्हणजे? एक दिवस चुकवलेला नाही मी डायरीत, पंचवीस वर्षं. थांबा. थांबा, दाखवतोच. विश्वास नाही ना? ही नव्वदची. जून… एक, दोन… मनुबाईचं बारसं… रेशन… पत्र्याची दुरुस्ती… हे 'दोन ओळी घातल्या', बघा, बारा जून! — हां, हे घातल्याचं झालं. सापडल्याचं मागं असेल, मे-बिमध्ये. मे… नाही. एप्रिल… हे बघा, हे सापडलं, वाचतो. 'रविवार. डोंबिवलीला एकटाच गेलो. सूट चुकीची येते. चिप आत लांब आकडा धरते. हेमाचे आकडे बरोबर. सीतारामला सांगणे.' — ऐकलंत? माझ्याच हातचं आहे. झालेल्या कामापुढं मी लाल खूण करतो, ती इथं… राहिली असेल.

तारीख? तारीख वर असते. वर… अकरा.

अकरा मार्च.

नाही, असं कसं… मला चांगलं आठवतंय, पाऊस होता, छत्री गाडीत विसरलो होतो — तो जूनचा दुसरा कुठला रविवार असेल. पण शाई आजूबाजूच्या पानांचीच… नाही, मी कधी मागची तारीख घालत नाही. दहा दिवस. चौकशीच्या आधी दहा दिवस. आणि मी तिथं, तिच्यासमोर, ती माझ्याकडंच बघत होती हो, म्हणाली, भाऊ, तुम्ही तरी सांगा —

तुम्ही कोण आहात? खरं सांगा. सीतारामनं पाठवलं की तिनं? पेन ठेवा ते. चहा राहू द्या. सुनावणी गुरुवारी ना — नाही, मी विचारलं नाही, तुम्ही ऐकलं नाही. उठा. आणि माझी डायरी सोडा. सोडा म्हणतो ना! फाटेल — अगं, कडी काढ गं दाराची. पाहुणे निघाले.