परक्या गोलावर टाळ्या

तुम्ही कधी स्वतःच्या नवऱ्याला परक्या गोलावर टाळ्या वाजवताना पाहिलंय का? मी पाहिलंय. आणि नुसत्या टाळ्या नाहीत हो, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हनुवटी थरथरतेय, आणि हा माणूस उभा राहून टाळ्या वाजवतोय, आणि शेजारची म्हातारी त्याला मिठी मारून सांगतेय, "रड पोरा, रड, आनंदाचं रडू अडवू नये"... आणि मी आपली गप्प. बोलणार तरी काय? खरं बोलले असते तर चारशे माणसांनी आम्हाला उचलून तारेपलीकडे टाकलं असतं.

तुम्हाला सांगते, सगळा दोष त्या नियमाचा. पाहुण्या संघाच्या लोकांना मैदानात सोडायचं नाही म्हणे. का, तर मारामाऱ्या होतात. अहो, होत असतील मोठमोठ्या क्लबांच्या! आमचं काय? आमचं देफेन्सोरेस, विया अस्कोना गावचं, फुटबॉलच्या सगळ्यात खालच्या पायरीवर खेळणारं. आमच्याकडे सामन्याला दोनशे माणसं येतात, त्यातली निम्मी एकमेकांची व्याही, आणि मारामारी करायची म्हटली तर आधी कोणाकडे तरी चष्मा सांभाळायला द्यावा लागतो. पण नियम म्हणजे नियम. बाहेरगावी सामना असला की आम्ही घरी, रेडिओला कान लावून.

आता आमचा अन्सेल्मो म्हणजे काय माणूस आहे ते सांगायला हवं. अठ्ठावन्न वर्षांचा. एकतीस वर्षं दर शुक्रवारी मैदानावर चुन्याच्या रेघा हा मारतो. एकही रेघ वाकडी नाही असं सगळ्यांना सांगतो. मी पाहिलंय, कॉर्नरपाशी जराशी वाकडी आहे, पण मी आपली गप्प. शुक्रवारी रेघा, शनिवारी सामना, रविवारी सामन्याबद्दल बोलणं, आणि सोमवार ते गुरुवार नुसतं शुक्रवारची वाट पाहणं. इतक्या वर्षांत एका शनिवारी आम्ही दोघं नदीवर जेवायला गेलो होतो, एकाच. तोही का, तर मैदानात पाणी भरलं होतं. तिथेसुद्धा हा पाण्याकडे बघून म्हणाला, "ओसरायला लागलंय वाटतं."

तर यंदा देफेन्सोरेसचं काही खरं नव्हतं. आमच्या खाली पायरीच नाही ना, म्हणून तिथला नियम असा की जो अगदी शेवटी राहील त्याने वर्षभर खेळायचंच नाही. एक वर्ष मैदानाला कुलूप. आणि शेवटचा सामना उरला होता लोमा चिकाच्या मैदानावर. बरोबरी झाली तर वाचलो, हरलो तर कुलूप. अन्सेल्मोने आठवडाभर धड जेवण केलं नाही. रात्री उठून बसायचा. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, "इर्मा, वर्षभर शुक्रवारी मी काय करू?"

आता मी तुम्हाला एक खरं सांगते, कोणाला बोलू नका. मला आतून जरा बरं वाटलं होतं. बावन्न शनिवार! नवरा घरात! बहिणीकडे जाता येईल, नाटक बघता येईल, आणि नदीवर पाणी न भरतासुद्धा जाता येईल. देवासमोर मेणबत्ती लावली ती देफेन्सोरेससाठी लावली, पण लावताना मी मनात काही विशेष मागितलं नाही. एवढंच म्हटलं, तुझी इच्छा.

आणि नेमकं त्या शनिवारी रेडिओवर सामना सांगणाऱ्याच्या मुलीचं लग्न! म्हणजे सामना ऐकायचीही सोय नाही. अन्सेल्मो अंगणात फेऱ्या मारायला लागला. शेवटी मलाच दया आली. माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे याचा साडू, इरेनेओ, तो राहतो लोमा चिकाला, तिथल्या क्लबचा सभासद. मीच त्याला फोन केला. तो म्हणाला, "आमची दोघांची कार्डं बसने पाठवून देतो, आमच्या क्लबच्या रंगाचा माझा हिरवा स्वेटरही पाठवतो. पण ताई, त्याला तोंड बंद ठेवता येईल का?" मी म्हटलं, मी आहे ना.

बसमध्ये तासभर मी अन्सेल्मोला शिकवत होते. आपला गोल झाला तर ओरडायचं नाही. त्यांचा झाला तर डोक्याला हात लावायचा नाही. 'आपण' म्हणायचं ते लोमा चिकाला. आणि त्यांचं कौतुक कर, म्हणजे संशय येणार नाही. हे शेवटचं मी सांगितलं, माझी अक्कल. त्याने मान डोलावली, आणि मान डोलावताना गळ्यापाशी मला पिवळं काहीतरी दिसलं. स्वेटरच्या आत देफेन्सोरेसची पिवळी जर्सी!

"अरे काढ ती."

"नाही काढणार. पाच वर्षं बाहेरगावी कोणी पिवळं घेऊन गेलेलं नाही. आत असली तरी चालेल, पण पोरांच्या अंगाखेरीज एक तरी पिवळं तिथे असू दे."

काय म्हणणार? मी त्याच्या स्वेटरचा गळा वर ओढून दिला.

फाटकावर एक टक्कल पडलेला माणूस कार्डं तपासत होता. त्याने कार्डावरचा फोटो पाहिला. आमचा इरेनेओ पण पार टकला, आणि अन्सेल्मोच्या डोक्यावर हे एवढं रान. तो म्हणाला, "केस आले वाटतं?"

अन्सेल्मो म्हणाला, "औषध लावलं."

"कुठलं?"

आता याला काय सुचावं? "चुना," म्हणाला. तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला, पण सोडलं आत.

गोलामागच्या पायऱ्यांवर जागा मिळाली, तारेला लागूनच. शेजारी एल्सिराबाई, ऐंशीच्या घरातल्या, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' नावाच्या चहाने भरलेला छोटा पोकळ भोपळा. तो कडू चहा आमच्याकडे एकाच नळीतून सगळे पितात, आणि नको असेल तेव्हाच धन्यवाद म्हणायचं, की आपली पाळी संपते. भीतीने अन्सेल्मोच्या तोंडून धन्यवादसुद्धा निघेना, म्हणून त्याने पहिल्या वीस मिनिटांत अकरा भोपळे रिचवले. वर ऊन असं की चोरिपानवाल्याने, म्हणजे पावात भाजलेलं सॉसेज घालून विकणाऱ्याने, शेगडी विझवली असती तरी पाव भाजले गेले असते, आणि हा बसलाय लोकरी स्वेटरमध्ये.

"काढ रे पोरा स्वेटर, शिजशील," एल्सिराबाई म्हणाल्या.

"नको. मला थंडी वाजते."

"एवढ्या उन्हात?"

"रक्त कमी आहे त्याला," मी म्हटलं. बघा, मीसुद्धा खोटं बोलायला लागले.

आणि मग याने जे कौतुक सुरू केलं! लोमा चिकाच्या खेळाडूने चेंडू मारला तो थेट रस्त्यावर, एका मोटारीच्या टपावर. हा म्हणतो, "वा, काय ताकद!" त्यांचा गोलकीपर घसरून पडला, हा म्हणतो, "काय चपळाई!" त्यांच्या अध्यक्षांनी टोपी सारखी केली तर याने टाळ्या वाजवल्या. मागे एक दांडगा माणूस बसला होता, सूर्यफुलाच्या बिया फोडत. तो एल्सिराबाईंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला, त्याही हसल्या. मला वाटलं, बरं झालं, आवडला यांना आमचा माणूस.

मग गाणं सुरू झालं. "अस्कोनावाल्यांनो, सामान बांधा, वर्षभर घरी बसून निवडा कांदा." सगळी पायरी गात होती. मागचा दांडगा म्हणाला, "दादा, तुमचा आवाज येत नाही." अन्सेल्मो गायला. "मोठ्याने, दादा." अन्सेल्मो मोठ्याने गायला. एकतीस वर्षं ज्याने आमच्या मैदानाला रेघा मारल्या तो माणूस तोंडाने कांदे निवडत होता, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की काय सांगू... आणि मी आपली गप्प.

त्यातच लोमा चिकाचा गोल झाला. तेच ते, टाळ्या, रडणं, मिठी, सुरुवातीला सांगितलं ते. मध्यंतरात फाटकावरचा टकला शोधत आला. "दादा, तो चुना ओला लावायचा की कोरडा?"

उत्तरार्धात आमचा गोलकीपर आमच्याच समोरच्या गोलात आला. नासारेनो. वय छत्तीस, धंदा नळदुरुस्तीचा. गावातले निम्मे नळ त्याने बसवलेत आणि निम्मे गळतात. सत्तराव्या मिनिटाला पलीकडे कोणाच्या तरी डोक्याला लागून चेंडू आत गेला, आणि आमची बरोबरी! सगळ्या पायऱ्या शांत. अन्सेल्मोच्या तोंडात चहाची नळी. त्याने श्वास घेतला, चहा गेला भलतीकडे, तो खोकायला लागला, लाल झाला, जांभळा झाला, आणि मागचा दांडगा त्याच्या पाठीत गुद्दे घालतोय, "वाईट वाटून घेऊ नका दादा, वाईट वाटून घेऊ नका."

मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं. सहा. तीन. आणि तेवढ्यात आमच्याच एका शहाण्याने गोलापाशी त्यांच्या खेळाडूला पाडलं. पेनल्टी.

अन्सेल्मोने डोळे मिटले. ओरडला नाही, डोक्याला हात लावला नाही, मी शिकवलं होतं तसं सगळं पाळलं बिचाऱ्याने. फक्त त्याचा हात स्वेटरच्या आत गेला आणि त्याने ती पिवळी जर्सी मुठीत धरली. अगदी हळू मला म्हणाला, "इर्मा, संपलं." मी त्याच्याकडे पाहिलं. बावन्न शनिवार माझ्यासमोर उभे होते, नाटक, बहीण, नदी. फक्त गप्प बसायचं होतं. आणि दिवसभर मी दुसरं काय करत होते?

माझं लक्ष गेलं नासारेनोकडे. तो गुडघे वाकवून उभा होता, आणि मला दिसलं, तो उजवा पाय सांभाळतोय. त्याच्या उजव्या गुडघ्याचं मला पक्कं माहीत, आमच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करताना तो नेहमी डाव्या गुडघ्यावर बसतो, मीच त्याला लावायला तेल देते. आणि आता हा पडणार त्याच गुडघ्यावर... मला काय झालं कळलंच नाही. मी उभी होते, तार दोन्ही हातांनी धरली होती, आणि ओरडत होते, "नासारेनो, डावीकडे पड रे, डावीकडे, उजव्या गुडघ्याला जप!"

पेनल्टी मारणारा दचकला. नासारेनो आज्ञाधारक, डावीकडे पडला. आणि चेंडू तिथेच आला. पोटाशी धरला त्याने.

चारशे माणसं माझ्याकडे बघतायत. अन्सेल्मोने डोळे उघडले आणि म्हणाला, "आणि मला शिकवत होतीस."

एल्सिराबाईंनी शांतपणे भोपळ्यात पाणी ओतलं. "बस पोरी. अजून दोन मिनिटं आहेत."

"तुम्हाला... कळलं?" मी विचारलं.

"दहाव्या मिनिटालाच," मागचा दांडगा म्हणाला. "या पायऱ्यांवर तीस वर्षांत कोणी लोमा चिकाबद्दल चांगला शब्द काढलेला नाही. आणि हे दादा आमच्या अध्यक्षांना टाळ्या वाजवतात. अहो, त्यांची बायकोसुद्धा वाजवत नाही."

"मग गाणं का गायला लावलंत?"

"आवाज बरा आहे त्यांचा."

एल्सिराबाई अन्सेल्मोला म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी आम्ही शेवटी राहिलो होतो. वर्षभर कुलूप. मी तरी दर शनिवारी यायची, फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायची. आत नुसतं गवत वाढत होतं, तेच बघायची. कोणाला तसं बघायला लागू नये. आता काढ तो स्वेटर, माझ्याने बघवत नाही."

अन्सेल्मोने स्वेटर काढला. पिवळी जर्सी घामाने चिंब झालेली. वरच्या पायरीवरून दोन शिव्या आल्या, थोड्या बियांच्या साली आल्या, आणि तेवढंच. शिट्टी वाजली, सामना बरोबरीत सुटला, नासारेनो तारेपाशी आला आणि म्हणाला, "मावशी, गुडघा ठीक आहे." आणि आमचा अन्सेल्मो पुन्हा रडायला लागला. एल्सिराबाईंनी पुन्हा मिठी मारली. निघताना त्याने त्यांना "धन्यवाद" म्हटलं, म्हणजे चहाची त्याची पाळी एकदाची संपली.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून झोपला, लहान पोरासारखा. मी जागी होते. माझे बावन्न शनिवार मी माझ्याच तोंडाने घालवले होते, आणि दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी आपली गप्प. म्हटलं, जाऊ दे, निदान हा जेवेल तरी आता. सामन्याला जाईल, मी घरी माझी माझी राहीन, आहे तसं चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता देफेन्सोरेसचे अध्यक्ष नासारेनोला घेऊन दारात आले आणि माझ्या हातात एक कागद ठेवून गेले. त्यावर बाहेरगावच्या चौदा मैदानांची नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे, मी कुठल्या गोलामागे बसायचं ते लिहिलेलं होतं.